मेस्त्रींच्या खिशातली क्लिप

माझ्या थोरल्या भावाची एक पिवळी स्पोर्ट्स कार आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली उभी असते. ती माझी नाही. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहितो आहे, कारण जिथे हे म्हणायला हवं होतं तिथे मी म्हटलं नाही आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

दादा जहाजावर चीफ इंजिनीअर आहे. सहा महिने समुद्रावर, दोन-तीन महिने घरी. लहानपणापासून त्याला दोनच माणसांची, जमिनीलगत पळणारी गाडी हवी होती. पन्नाशी ओलांडल्यावर त्यानं ती पुण्यातल्या एकाकडून जुनी घेतली. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं आधी एक पाय, मग कंबर, मग डोकं. आमच्या आळीतल्या गतिरोधकावर ती तिरकी घालावी लागते, नाहीतर पोट घासतं.

इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांपर्यंत नेणारे दोन लोखंडी दांडे या गाडीला आहेत, त्यांना ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. त्यातला डावा गाडी घेतली तेव्हापासूनच थकलेला होता. दादानं परदेशातल्या एका बंदरात जास्त मजबूत शाफ्ट मिळवला आणि कपड्यांत गुंडाळून बॅगेतून घरी आणला. तो बसवायला गाडी मुंबईला न्यावी असं मी सुचवलं. दादा म्हणाला, शाफ्ट म्हणजे शाफ्ट, गाडीचा काय आणि बोटीचा काय, आपले मेस्त्री बसवतील.

मेस्त्री पंच्याहत्तरीला टेकलेले. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासेमारीच्या बोटींचे शाफ्ट लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आमचे वडील बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होते, तेव्हापासूनची ओळख. दादाला ते थोरल्या म्हणत, मला धाकट्या. पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या बोटी पुन्हा पाण्यात उतरवायच्या आधी, जिथे मेस्त्री काम करत त्या रांगेतले नाखवे, म्हणजे बोटींचे मालक, मेस्त्रींना बोलावत. मेस्त्री बोटीच्या मागच्या बाजूला जात, पंख्याच्या दांड्यावर तळवा ठेवत, डोळे मिटून तो हातानं एक पुरा फेरा फिरवत आणि "जाऊ दे" म्हणत. मग तिथेच नारळ फुटायचा. मेस्त्रींनी फेरा दिल्याशिवाय त्या रांगेतली बोट पाण्यात जात नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण होतं.

गाडीचं काम त्यांनी आमच्या शेडमध्ये दोन दिवस केलं. शाफ्टसोबत आलेला इंग्रजी कागद मी वाचून दाखवत होतो आणि ते माझं अर्धंच ऐकत होते. शाफ्टच्या टोकाला फिरता सांधा असतो. त्यात काळं ग्रीस भरतात आणि धूळ आत जाऊ नये म्हणून वरून रबराचं घड्याघड्यांचं आवरण चढवतात. त्याला बूट म्हणतात, दिसायला पेटीच्या भात्यासारखा. बूट जागेवर धरून ठेवते ती एक लहानशी पोलादी पट्टी, क्लिप. ती पकडीनं दाबून बसवायची असते.

मेस्त्रींचा उजवा अंगठा तेव्हाही जरा थरथरायचा. चहाची बशी धरली की दिसायचं. पण हत्यार हातात आलं की थरथर थांबे. त्यांनी क्लिप दाबली, तिच्यावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "बसली."

मी सहज म्हटलं, परत एकदा बघा ना.

ते हसले. "दोनदा बघायची सवय लागली की माणूस पहिल्या वेळी नीट बघत नाय, धाकट्या."

मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो होतो. क्लिप घट्ट बसलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. एवढं वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मी ते विसरल्याचं सोंग केलं.

दादा जहाजावर गेला. जाताना त्यानं किल्ली माझ्याकडे दिली. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करायचं, गाडी शेडबाहेर काढायची, परत आत घालायची. बाकी काही नको. मीटरचा आकडा त्यानं लिहून ठेवला नाही. सख्ख्या भावाकडे गाडी ठेवताना कोण लिहून ठेवतं?

त्याच हिवाळ्यात आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. पस्तीस वर्षांनी सगळे भेटणार, वेळणेश्वरला. कोणी डॉक्टर, कोणी बिल्डर, दोघं परदेशात. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. ग्रुपवर एकानं मला विचारलं होतं, तू अजून रत्नागिरीतच का रे? पुढे हसरा चेहरा. त्यात वाईट काही नव्हतं, आज वाचलं तर मलाही ते साधं वाटेल. पण मी त्या हसऱ्या चेहऱ्याकडे आठवडाभर बघत राहिलो. एस.टी.नं जाणार होतो. पण त्या शनिवारी घरातले सगळे गावाला गेले होते; सकाळी ताडपत्री काढली.

जयगडला फेरीबोटीत गाडी चढवताना पोट उतारावर घासलं. खलाशांनी फळ्या टाकून चाकं उचलून घेतली आणि एकजण म्हणाला, "साहेब, ही गाडी पायात घालायची की काय?" सगळे हसले, मीही हसलो. तिथून परत फिरायला हवं होतं.

वेळणेश्वरला पोचलो तेव्हा सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. ते उठून आले. कधी घेतलीस, असं एकानं विचारलं. झाले काही महिने, असं मी म्हणालो. शाळेत पहिला येणारा आमचा एक मित्र गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "कारकुनाला बरं परवडतं बाबा." मोठा हशा झाला. मी हसून खाली बघितलं. मी लाच खातो असं त्यांना वाटलं तरी मला चाललं. गाडी भावाची आहे असं कळलेलं चाललं नसतं. आयुष्यात एक पैसा मी कोणाकडून घेतलेला नाही. माझ्याकडे अभिमानाची तेवढी एकच गोष्ट होती आणि ती मी त्या अंगणात दिवसभरासाठी गहाण टाकली.

संध्याकाळी एका मित्राच्या आंब्याच्या बागेत जायचं ठरलं. बाग वर सड्यावर. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. बाकीचे जीपनं गेले. तू इथेच ठेव गाडी, असं दोघा-तिघांनी सांगितलं. मी ऐकलं नाही, मावळतीला फोटो काढायचे होते. वाट म्हणजे लाल मातीत उघडे पडलेले दगड. अर्ध्या वाटेत डाव्या मागच्या चाकाजवळ खाडकन आवाज झाला. मी गाणं मोठं केलं.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन गाडीखाली शिरलो. डावा बूट फाटून लोंबत होता. काळं ग्रीस आजूबाजूला उडालं होतं आणि सांध्यात जांभ्याची लाल माती शिरली होती. फडक्यावर ते ग्रीस तपकिरी आलं, विटेच्या चुऱ्यासारखं. क्लिप मात्र जागच्या जागी घट्ट होती.

काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. मेस्त्रींकडे जायचं. एका सकाळचं काम. सांधा धुऊन, नवं ग्रीस भरून, नवा बूट चढवायचा. पण मेस्त्रींना सांगणं म्हणजे दादाला सांगणं, असं मी धरून चाललो. मी सायकलची जुनी ट्यूब कापली, फाटलेल्या बुटावर क्लिपसकट गुंडाळली आणि वरून जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यानं आवळून बांधली. आमच्याकडे फुटक्या पाइपापासून तुटक्या खुर्चीपर्यंत सगळं जाळ्याच्या दोऱ्यानं बांधतात. मीही तेच केलं आणि ताडपत्री टाकली. पुढचे चार महिने दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करत होतो, अगदी सांगितल्याप्रमाणे.

मे महिन्यात दादा आला. दोन दिवस त्यानं गाडी गावात फिरवली. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, मागून थरथर येतेय, काय असेल?

आई वाढत होती. माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मला खरं सांगायला मिळाला होता.

"एका जागी उभी राहून टायर चपटे झाले असतील," मी म्हणालो. "चालवलीस की जाईल."

उत्तर बरोबर वाटावं असंच होतं, टायर तसे होतात. दादानं मान हलवली. त्याच्या मनात संशय यायचं कारणच नव्हतं.

त्याच आठवड्यात देवरूखला नात्यात लग्न होतं. आईला त्या पिवळ्या गाडीतून एकदा तरी जायचं होतं, म्हणून दादानं तिला शेजारी बसवलं. आम्ही बाकीचे एस.टी.नं पुढे गेलो. संगमेश्वर सोडल्यावर देवरूखच्या चढावर डावा सांधा फुटला. इंजिन ओरडत राहिलं, चाकांना काहीच पोचेना आणि गाडी मागे घसरायला लागली. मागून जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढत होता. दादानं हातब्रेक ओढला, ट्रकवाल्यानं वेळेवर थांबवलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आईनं दाराचं हँडल इतकं घट्ट धरलं होतं की तिचा हात सोडवावा लागला. लग्नाच्या मांडवात ती भेटेल त्याला सांगत होती, मागे गेली रे गाडी, मागे गेली. मी तिला पाणी आणून दिलं. एवढंच करू शकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेनवाल्यानं गाडी शेडमध्ये आणून सोडली. दादा आईचं ब्लडप्रेशर तपासून घ्यायला तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, मेस्त्रींना बोलाव, मी आल्यावर आपण उघडून बघू.

मी मेस्त्रींना फोन केला. त्यांना यायला दीड तास लागणार होता.

त्या दीड तासाबद्दल लिहायला मला दोन वर्षं लागली. मी गाडीखाली शिरलो. जाळ्याचा दोरा कापला, ट्यूब सोलून काढली. ती ग्रीसनं रबराला चिकटली होती, म्हणून पकडीनं ओढली आणि ओढताना क्लिप उघडली. माझ्या हातात आली. ट्यूब आणि दोरा मी रंगाच्या एका रिकाम्या डब्यात कोंबून डबा माळ्यावर टाकला. मग शाफ्ट सोडवला, फुटलेला सांधा परातीत घेऊन डिझेलनं धुतला. लाल पाणी परातीतून माडाच्या मुळाशी ओतलं. धुतलेला सांधा, फाटका बूट आणि उघडी क्लिप मी वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून ठेवली.

मेस्त्री आणि दादा जवळजवळ एकाच वेळी आले. मेस्त्री उकिडवे बसले, सांधा हातात घेतला, फिरवला, नाकाजवळ नेला.

"ह्याला धुतलान कोणी?"

"मी," मी म्हणालो. "फार घाण झाला होता."

"धुवायचा नसतो रे. ग्रीस बघितल्याशिवाय काय कळणार? जखम पुसून कोणी डॉक्टरकडं जातं काय?"

मग त्यांना क्लिप दिसली. ती उचलून त्यांनी उजेडात धरली.

"ही अशीच होती?"

"अशीच निघाली," मी म्हणालो.

क्लिप सैल, म्हणून बूट सरकला, घासून फाटला, ग्रीस गेलं, सांधा कोरडा पडून फुटला. हे त्यांच्या डोक्यात जुळत गेलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सगळं सरळ जुळत होतं. मीच तसं मांडून ठेवलं होतं.

दादा आवाज चढवणाऱ्यातला नाही. तो फक्त म्हणाला, "मेस्त्री, आई बसली होती शेजारी."

मेस्त्री उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. आणि वडिलांच्या वयाच्या त्या माणसानं माझ्या भावापुढे हात जोडले. "माझाच हात चुकला असणार, थोरल्या. दुसरं काय." मग खाली बघून विचारलं, "ही क्लिप मी नेऊ?"

नेली. शर्टाच्या खिशात घालून नेली.

दादानं त्यांच्या मागे त्यांची बदनामी केली असं नाही. पण जूनमध्ये बंदरावर ओळखीच्या नाखव्यांबरोबर चहा पिताना गाडीचं निघालं तेव्हा तो म्हणाला की मेस्त्रींचा हात आता राहिला नाही, तुम्हीही जरा जपून. त्याला त्यांच्या बोटींची काळजी होती. आणि बंदरावर जहाजाच्या चीफ इंजिनीअरचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. दादा जुलैच्या सुरुवातीला गेला. त्याचा शब्द मागे राहिला.

जुलै संपत आला तेव्हा मी सुके बोंबील आणायला बंदरावर गेलो होतो. बोटींची तयारी चालली होती. मेस्त्रींच्या रांगेत दुसरंच कोणी शाफ्ट बघत होतं. मेस्त्री जाळ्यांच्या शेडमध्ये एका पेटीवर बसले होते. मला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली, हे मला फार लागलं. मी विचारलं, यंदा कामाला नाही का?

त्यांनी सांगितलं की दोघांनी बोलावलंच नाही आणि ज्यांनी बोलावलं त्यांना यांनीच नाही म्हटलं. हत्यारं पुतण्याला देऊन टाकली. "घरात गॅसचा रेग्युलेटरसुद्धा मी बायकोला लावायला सांगतो," ते म्हणाले. हे ते हसत म्हणाले. मग खिशात हात घालून त्यांनी क्लिप काढली. दोन महिने ती त्यांच्या खिशात होती. हाताळून हाताळून चकचकीत झालेली.

"रोज बघतो. हा बघ पकडीचा वळ. म्हणजे मी दाबली होती. दाबलेली क्लिप आपोआप सुटत नाय. तरी सुटली. कशी सुटली, ता काय कळत नाय बघ."

त्यांना राग नव्हता, तक्रार नव्हती. ते खरोखरच मला विचारत होते. मी इंग्रजी कागद वाचणारा माणूस, मला कदाचित माहीत असेल.

"सुटली नाही, मेस्त्री," मी म्हणालो. "मी पकडीनं उघडली."

मग सगळं सांगितलं. वेळणेश्वर, सडा, ट्यूब, टायर, परात. सलग सांगता आलं नाही, मागे-पुढे झालं. का नेलीस, असं त्यांनी विचारलं नाही. माझं बोलणं थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की ग्रीस लाल झालं होतं का. हो, म्हटलं.

"आणि तू ता धुतलंस."

"हो."

त्यांनी क्लिप तळव्यावर उलटी केली. "म्हणजे बसली होती."

"बसली होती. मी शेजारीच होतो."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते मला बघवेना. मी शिव्यांची तयारी करून बसलो होतो आणि तो माणूस आनंदला होता. दोन महिने मी त्याच्याकडून काय काढून घेतलं होतं, ते मला त्या आनंदानं दाखवलं. तो फार वेळ टिकला नाही. मग ते उठले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याशी बोललास, ता झालं. थोरला जिथं बोलला तिथं बोल."

मी तिथून सरळ चहाच्या टपरीवर गेलो. चार नाखवे बसले होते. मी म्हणालो की आमच्या गाडीचं जे झालं त्यात मेस्त्रींची चूक नव्हती, वाटेत दगड लागून बूट फाटला होता.

त्यातला सगळ्यात वयस्कर नाखवा माझ्याकडे मायेनं बघत म्हणाला, "बरं केलंत, साहेब. म्हाताऱ्याची बाजू घेणारं कोणीतरी हवंच." आणि त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला.

मी म्हाताऱ्याची दया येऊन बोललो असं त्यांना वाटलं होतं. मी अर्धं खरं बोललो होतो आणि त्या अर्ध्यानं मेस्त्री होते तिथेच राहिले, मी मात्र भला माणूस ठरलो. आणि मी तो चहा प्यायलो. कपात काही उरलं नाही तोपर्यंत प्यायलो.

रात्रभर नव्हे, पण संध्याकाळभर मी माळ्याकडे बघत बसलो. बायकोनं विचारलं, वर काय आहे? मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग खाली काढा.

सकाळी कचेरीत अर्धी रजा टाकून डबा घेऊन बंदरावर गेलो. तेच चौघं होते, शिवाय आणखी काही. मी डब्यातली ट्यूब आणि दोरा टपरीच्या बाकावर ठेवला. ग्रीस वाळून त्यावर लाल पापुद्रा धरला होता. मी म्हणालो, गाडी मी नेली. भावाला न विचारता नेली, माझी म्हणून मिरवली. बूट माझ्या हातून फाटला. हे बांधलं मी. क्लिप उघडली मी, धुतलं मी, आणि मेस्त्रींनी हात जोडले तेव्हा मी समोर उभा होतो.

एकानं ट्यूब उचलली, लाल पापुद्रा नखानं खरवडून बघितला आणि शेजारच्याला दिली. ती हातोहात फिरली. मग तो कालचा वयस्कर नाखवा म्हणाला, "म्हणजे म्हाताऱ्याचा हात नव्हता गेला. तुमची जीभ गेली होती."

"हो," मी म्हणालो.

"कालचा चहा फुकट घालवलान," तो शेजारच्याला म्हणाला. माझ्याशी तो परत बोलला नाही. आजही बोलत नाही.

त्याच दिवशी दादाला फोन लावला. जहाजावरचा फोन, आवाज तुटत होता, त्यामुळे मला काही वाक्यं दोनदा म्हणावी लागली. टायर चपटे झाल्याचं वाक्यही दोनदा. त्यानं सगळं ऐकलं. शेवटी म्हणाला, "आई शेजारी होती माझ्या." आणि फोन बंद झाला. त्यानं ठेवला की तुटला, मी विचारलेलं नाही. गाडीची किल्ली आता वहिनीकडे असते.

चार दिवसांनी त्या रांगेतल्या नाखव्यांनी मेस्त्रींना घरी जाऊन बोलावलं. मी लांब उभा राहून पाहिलं. त्यांनी दांड्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, फेरा दिला. मग डोळे उघडले आणि परत एकदा फेरा दिला. नारळ फोडणारा थांबला होता. तिसऱ्या फेऱ्यानंतर ते म्हणाले, "जाऊ दे."

दादा पुढच्या सुट्टीवर आला तेव्हा नवा शाफ्ट घेऊन आला. मेस्त्रींच्या घरी जाऊन तो काय बोलायचं ते बोलला, मला त्यातलं काही सांगितलं नाही. मेस्त्री शाफ्ट बसवायला तयार झाले, फक्त म्हणाले की धाकट्याला बसवा शेजारी, कागद वाचायला. मी बसलो. दादा शेडच्या दारात उभा होता.

सांधा भरला, बूट चढवला. मेस्त्रींनी क्लिप दाबली. हत्यार हातात असताना अंगठा थरथरत नव्हता. क्लिपवरून त्यांनी बोट फिरवलं. मी "बसली" या शब्दाची वाट बघत होतो. त्यांनी परत बोट फिरवलं. खाली वाकून बघितलं, बॅटरी मागितली, उजेड पाडून बघितलं.

"बघ रे धाकट्या," ते म्हणाले, "बसलीय ना?"

मी हात घालून बघितलं. हलत नव्हती. बसलीय, असं म्हणालो.

त्यांनी मान हलवली, हात पुसले, पकड पिशवीत ठेवली. पिशवी बांधली. मग ती सोडून पुन्हा बॅटरी काढली.

"परत एकदा बघ."